वाघ दिसेल का, आणि जळवा किती?

प्रश्न : मुलगा क्वालालंपूरला नोकरीला आहे, आम्ही दोघं (वय 63 आणि 60) जुलैत त्याच्याकडे चाललोय. तो म्हणतोय तामान नेगाराच्या जंगलात दोन रात्री राहून या. ताडोबा, पेंच आमचं झालंय. हे पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, माझे गुडघे कुरकुरतात आणि जळवांची मला जाम भीती वाटते. राहायचं नदीच्या कुठल्या काठावर? आणि वाघ दिसेल ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी वाघाचं सांगून टाकते, दिसणार नाही. मलेशियाच्या सगळ्या जंगलांत मिळून आता दीडशेसुद्धा वाघ उरलेले नाहीत आणि हे जंगल आहे 4,343 चौरस किलोमीटर, तेही इतकं दाट की दहा पावलांवर हत्ती उभा असला तरी कळायचं नाही. ताडोबासारखं जिप्सीत बसून पाणवठ्यावर जायचं प्रकरण इथे नाहीच, जे काय फिरायचं ते पायी नाहीतर बोटीने. त्यामुळे प्राणी बघायला म्हणून जाल तर चिडून परत याल. झाडं बघायला जा, आवाज ऐकायला जा. सकाळी गिबन (बिनशेपटीची माकडं) ओरडायला लागले की झोप आपोआप उडते, आणि रात्री गाइडबरोबर चक्कर मारली की तो अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारतो आणि बुंध्यावरचा विंचू हिरवट-निळा चमकायला लागतो, ते बघण्यासारखं असतं.

काठाचं म्हणाल तर क्वाला ताहान गाव नदीच्या अलीकडे, पार्क आणि त्यातलं मोठं रिसॉर्ट पलीकडे. गावात स्वस्त खोल्या मिळतात, नदीवर तरंगती हॉटेलं आहेत, पण दरवेळी पायऱ्या उतरून होडीने पलीकडे जायचं (तिकीट अगदी किरकोळ) आणि परत चढायचं. पायऱ्या तशा रिसॉर्टच्या धक्क्यावरही आहेत, पण एकदा चढलात की संपलं, तिथून लाकडी फळ्यांची वाट थेट जंगलात जाते. तुमच्या गुडघ्यांसाठी मी पलीकडेच राहा म्हणेन, महाग पडलं तरी. झाडांवरचा झुलता पूल (40 मीटरच्या आसपास उंच) या वाटेनेच लागतो, पण मध्ये बऱ्यापैकी चढ आणि शिड्या आहेत, तो जमला तर ठीक, नाहीतर राहू दे. पूल कधीकधी दुरुस्तीसाठी बंदही असतो, आधी विचारून घ्या.

अजून एक, क्वाला तेंबेलिंगच्या धक्क्याहून बोटीने जायचा कार्यक्रम सगळे एजंट गळ्यात मारतात. नदी सुंदरच आहे, पण बोट लांबट, बूड जवळजवळ तळाला टेकलेलं, पाय समोर पसरून अडीच-तीन तास! त्यापेक्षा जाताना जेरांतुट या जवळच्या गावावरून रस्त्याने जा आणि येताना बोटीने या, प्रवाहाबरोबर वेळ कमी लागतो. जुलै मात्र अगदी बरोबर निवडलात, आपल्याकडे धो धो असतो तेव्हा तिकडे त्यातल्या त्यात कोरडं, त्यांचा खरा पाऊस नोव्हेंबर ते जानेवारी, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत जाणारे नेमके सापडतात.

जळवा आहेतच, पाऊस पडून गेला की जास्त. फळ्यांवर चालताना फारशा नाहीत, मातीच्या वाटेला लागलात की आल्याच. तपकिरी जळू चावलेली कळतसुद्धा नाही, पट्टेवाली पानावर बसून असते आणि तिचा चावा चुरचुरतो. पँट मोज्यात खोचा, गुडघ्यापर्यंतचे जळवांचे मोजे मिळतात ते घ्या, आणि चिकटलीच तर मीठ-काडेपेटीच्या भानगडीत न पडता नखाने तोंडाकडून हलकेच सोडवा. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं नाही. फक्त दोघांपैकी कुणाला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

जेवणाचं खरं दुखणं म्हणजे बेलाचान, वाळवलेल्या कोळंबीचा गोळा. नुसती पालेभाजी मागवली तरी त्यात हा असू शकतो आणि वेटर प्रामाणिकपणे म्हणतो 'व्हेज आहे'. त्यामुळे 'बेलाचान नको, मासे नको, अंडं नको' असं एकेक नाव घेऊन सांगा. नासी लमाक (नारळाच्या दुधातला भात) बरोबरच्या सांबाळात, म्हणजे तिखट चटणीत, सुके मासे असतात, ते सोडाच. वाटेत जेरांतुटला रोटी चनाई (आपल्या पराठ्यासारखी) मिळेल, बरोबर डाळ देतात, पण कणकेत काय घातलंय ते विचारा. बाकी थेपले, मेतकूट, भाजलेले दाणे न्याच, फक्त डबे घट्ट झाकणाचे हवेत, रिसॉर्टच्या आवारातली माकडं पिशवी उघडण्यात पटाईत आहेत.

कपडे पटकन वाळणारे न्या, जीन्स अजिबात नको, एकदा ओली झाली की मुक्काम संपेपर्यंत ओलीच. आणि रोख रिंगिट (तिथलं चलन) जेरांतुटलाच काढून घ्या, आत कार्डाच्या भरवशावर राहू नका.