जाता जाता मिळणारा बोनस

"मॅडम, कॅसिनोचं अकाउंट बंदच करायचंय. पण ते पन्नास पौंड देतायत. ते घेऊन बंद केलं तर काय बिघडलं?"

सुहास (नाव बदललंय) मूळचे नागपूरचे, आता लंडनजवळ स्लाऊमध्ये आयटीत. ऑनलाइन कॅसिनोत दीड वर्षात बरीच बचत गेली होती. बायकोला कळलं, रडारड झाली, आणि दोघं समुपदेशनासाठी व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोर बसली. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट.

हा प्रश्न मला इतरही विचारतात, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

त्यांनी साइटच्या चॅटवर लिहिलं होतं, 'माझं अकाउंट बंद करा.' मिनिटभरात उत्तर आलं: तुम्ही जाताय याचं वाईट वाटतं, खास तुमच्यासाठी 50 पौंडांचा बोनस. सिमकार्ड पोर्ट करायला निघालं की कंपनीचा फोन येतो ना, "सर, का सोडताय, ऑफर देतो"? तसंच. सिमच्या बाबतीत मला त्यात काही गैर वाटत नाही. पण कॅसिनो सोडणारा माणूस कंटाळून चाललाय की जीव वाचवायला पळतोय, हे चॅटवरच्या मुलाला कसं कळणार? कळत नसेल तर त्याने आमिष दाखवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी सुहासना बारीक अक्षरातल्या अटी मोठ्याने वाचायला लावल्या. बोनस काढण्याआधी त्याच्या 35 पट रक्कम खेळायची. म्हणजे 1750 पौंड. स्लॉट मशीन शंभरातले चार पौंड ठेवून घेतं असं धरलं, तर सरासरी 70 पौंड गेले.

"म्हणजे पन्नास घ्यायला सत्तर द्यायचे?" बायकोने विचारलं. सुहास गप्प.

जानेवारी 2026 पासून ब्रिटनमध्ये ही अट दहा पटींच्या वर नेता येत नाही. म्हणजे आज हाच हिशेब कदाचित फायद्यात दिसेल. तरी माझं उत्तर तेच राहील. एका पौंडाच्या डावाने खेळलं तरी पाचशे वेळा बटण दाबायचं. ज्याला ते बटण सोडायचंय त्याने!

खरी चूक मात्र बोनसच्या आधीच झाली होती. नुसतं 'बंद करा' म्हटलं की अकाउंट बंद होतं, पण पुढच्या शनिवारी रात्री एका मेलवर परत उघडूही शकतं. तिथे 'सेल्फ एक्स्क्लूजन', म्हणजे आपणच आपल्यावर घातलेली बंदी, मागावं लागतं. ते किमान सहा महिने मागे घेता येत नाही, आणि जाहिरातीचे मेल पाठवणंही कंपनीला बंद करावं लागतं. गॅमस्टॉप नावाची मोफत सोय त्याहून सोपी: एकदा नोंदणी केली की ब्रिटनचा परवाना असलेल्या सगळ्या ऑनलाइन साइट्सवर बंदी. परवाना नसलेल्या साइट्स त्यात येत नाहीत, म्हणून बँकेच्या अ‍ॅपमधला जुगाराचा ब्लॉकही लावायचा.

व्यसनमुक्तीत बक्षीस देऊन फायदा होतो, हे मला ठाऊक आहे. काही केंद्रांत तपासणी स्वच्छ आली की कूपन देतात. पण ते उपचार करणारा देतो, माल विकणारा नाही. कॅसिनोला काही द्यायचंच असेल तर शिल्लक पैसे विनाकटकट परत द्यावेत. सुहासचे अकरा पौंड होते, ते त्यांनी काढून घेतले.

गॅमस्टॉपवर सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं असे पर्याय होते. मी पाच सुचवलं. बायको तर "कायमचं नाही का?" म्हणाली. सुहासनी बराच वेळ स्क्रीनकडे बघत एक वर्ष निवडलं. मी वाद घातला नाही. घालायला हवा होता का, हे अजूनही मनात येतं.

वर्ष संपलं तरी आपण होऊन काढायला सांगेपर्यंत बंदी राहते. सुहासनी अजून सांगितलेलं नाही.