माळ्यावरची आगगाडी आणि बेताचं पेन्शन

“या वयात आगगाड्या मांडून बसलो तर घरचे काय म्हणतील? आणि पेन्शनमधून हे झेपणार कसं?” निवृत्तीनंतरच्या समुपदेशनात हा प्रश्न बऱ्याचदा कानावर येतो. कुणाचा छंद पेटी, म्हणजे हार्मोनियम, असतो, कुणाचा कॅमेरा. इथे मॉडेल रेल्वे, म्हणजे खऱ्या गाड्यांच्या छोट्या चालत्या प्रतिकृती, आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काका सदुसष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. ठाण्यात छोट्या फ्लॅटमध्ये दोघंच राहतात. मामांनी इंग्लंडहून आणलेला ओओ मापाचा (खऱ्या गाडीच्या १:७६) संच पन्नास वर्षं ट्रंकेत पडून होता: एक इंजिन, दोन डबे, तीन वाघिणी (मालाचे डबे) आणि रुळांचं वर्तुळ. माळा आवरताना ट्रंक उघडली आणि तेव्हापासून काका रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर इंजिनं बघू लागले. खरेदीची टोपली चाळीस हजारांपर्यंत भरायची आणि पुसून टाकायची. काकूंना संशय आला की हे शेअर बाजारात पैसे घालवतायत. दोघांनी अबोला धरला, तेव्हा काका आमच्याकडे आले.

पहिली गोष्ट तपासली ती मनाची. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकून असेल, भूक-झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर छंद हा त्यावरचा उपचार नाही, आधी डॉक्टर. काकांचं तसं नव्हतं. त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपोटी ते लपवत होते.

दुसऱ्या भेटीला काकूंना बोलावलं. त्यांचा आगगाडीला विरोध नव्हताच. “जेवणाचं टेबल अडवायचं नाही आणि खर्च मला सांगून करायचा,” एवढंच त्या म्हणाल्या. मग दोन आकडे दोघांसमोर ठरले: जागा चपलांच्या कपाटावरची चार फूट बाय एक फूट, आणि महिन्याला दीड हजार रुपये. त्या महिन्यात उरले तर पुढे जमा, पण उसने घ्यायचे नाहीत. असे आकडे ठरले की लपवायचं कारण उरत नाही, आणि आमच्या मते अर्धं काम तिथेच होतं.

‘पोरखेळ’ या शब्दाचं ओझं उतरवायला वाद घालावा लागत नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं लघुरेल्वे संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. तिथे दोघांनी मिळून एक फेरी मारावी, असं सुचवलं. सिग्नल, वायरिंग आणि वेळापत्रक सांभाळणं हे मोठ्या माणसाचं काम आहे, हे काकूंना तिथे आपोआप दिसलं.

आता पैशांचा प्रश्न. निवृत्त माणूस छंदाकडे परततो तेव्हा लहानपणी न मिळालेल्या सगळ्या वस्तूंची यादी घेऊन परततो, आणि घोळ तिथेच होतो. म्हणून पहिल्या महिन्यात नवी गाडी घ्यायची नाही. जे आहे ते चालतं का एवढंच बघायचं. त्यात आयातीचा भाग वेगळाच. भारतात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं, आणि मॉडेल रेल्वे खेळण्यांतच मोडते. परदेशातून काही मागवण्याआधी त्या दिवसाचा दर पाहून पूर्ण रक्कम कागदावर मांडावी.

जुन्या संचाबरोबरचा ट्रान्सफॉर्मर प्लगमध्ये घालू नका. पन्नास वर्षांत वायरीचं आवरण तडकलेलं असतं, आणि धोका २३० व्होल्टचा आहे. त्याऐवजी सीसीटीव्हीसाठी मिळणारा १२ व्होल्ट, २ अँपिअरचा बंदिस्त डीसी अडॅप्टर घ्या, त्यापुढे डीसी मोटरचा स्पीड कंट्रोलर, त्यापुढे दिशा उलटी करणारा सहा पायांचा स्विच. स्विच आणि रूळ यांच्यामध्ये एका वायरीत गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब जोडा. इंजिन नीट चालताना तो जेमतेम मिणमिणतो किंवा विझलेलाच राहतो. डबा घसरून दोन रूळ जोडले गेले की तो लख्ख पेटतो आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरवर अडवतो. कंट्रोलर जळत नाही. ऑटो पार्टच्या दुकानातली ही स्वस्त वस्तू महागडं नुकसान टाळते. हे कंट्रोलर प्रवाह तोडून तोडून देतात, त्यामुळे जुनी लोखंडी गाभ्याची मोटर थोडी गुणगुणते, ते ठीक. नव्या इंजिनातल्या कोअरलेस, म्हणजे लोखंडी गाभा नसलेल्या, मोटरसाठी मात्र हा कंट्रोलर वापरू नये, ती तापते.

इंजिनाकडे वळताना घाई नको. आधी चाकं बोटाने फिरवून बघण्याचा मोह आवरा. बऱ्याच इंजिनांत वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखा दातांचा गिअर, असतो. तो मोटरकडून चाकांकडे फिरतो, चाकांकडून मोटरकडे नाही. जोर लावला की दात तुटतात. कवच काढताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. जुनं तेल आता मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, पण रंगवलेल्या कवचाला अल्कोहोल लागू देऊ नका. मोटरच्या टोकाला तांब्याचे तीन तुकडे दिसतात, तो कम्युटेटर. तो पुसून तुकड्यांमधल्या फटी लाकडी टूथपिकने मोकळ्या करा. कार्बनचे ब्रश आखूड झाले असतील किंवा स्प्रिंग ढिली असेल तर ते बदला. मग बेअरिंगवर शिलाई मशीनचं पातळ तेल, सुईच्या टोकावर राहील एवढंच. जास्त झालं की ते कम्युटेटरवर पोचतं, कार्बनच्या भुकटीशी मिसळून चिखल होतो आणि इंजिन पुन्हा बंद. खोबरेल तेल नको, थंडीत ते गोठतं.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नये: उघड्या सांगाड्याच्या जुन्या मोटरचं लोहचुंबक बाहेर काढणं. ते चौकटीतून निघालं की त्याची ताकद उतरते. मग इंजिन जास्त प्रवाह खातं आणि कमी पळतं. इंजिन किती प्रवाह घेतं ते मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून, रुळाकडे जाणाऱ्या एका वायरीच्या मध्ये जोडून बघा. एकट्या इंजिनाने अर्धा अँपिअर घेतला तर जुन्या मोटरसाठी ठीक. एक अँपिअरच्या वर जात असेल किंवा पाच मिनिटांत मोटरवर बोट ठेववत नसेल, तर थांबा. आणि धातूचा सांगाडा फुगून तडे गेले असतील तर तो जस्ताच्या मिश्रधातूचा रोग, त्याला इलाज नाही. अशा इंजिनावर पैसा घालू नका. काकांचं इंजिन दोन संध्याकाळच्या सफाईनंतर चाललं.

रूळ तपासायला फ्रिजवरचं चुंबक पुरतं. चिकटलं तर रूळ पोलादाचे, आणि ठाण्या-मुंबईच्या दमट हवेत ते गंजतच राहणार. ते बाजूला ठेवा आणि निकेल सिल्व्हरचे (तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूचे) घ्या. घेताना ‘कोड १००’ म्हणजे २.५४ मिलिमीटर उंचीचे घ्या. जुन्या चाकांची कड खोल असते, कोड ७५ च्या बुटक्या रुळांवर ती स्लीपरच्या खिळ्यांना घासत जाते. रूळ साफ करायला खोडरबर वापरा, सँडपेपर नको, त्याच्या ओरखड्यांत मळ बसतो.

काकांना मनातून वर्तुळ हवं होतं. पण ओओतल्या सर्वांत आवळ वळणाची त्रिज्याच ३७१ मिमी. वर्तुळाला जवळपास पाऊण मीटर लागतो, वर कडेची जागा. एक फुटाच्या फळीवर ते बसणारच नाही. त्यांना ब्रिटनच्या ॲलन राइट यांची ‘इंगलनूक’ मांडणी, म्हणजे वाघिणी क्रमाने लावण्याचं कोडं, सुचवली: दोन सांधे (गाडीची वाट बदलणारे रूळ), तीन फाटे, आठ वाघिणी. फाट्यांवर अनुक्रमे पाच, तीन आणि तीन वाघिणी मावतात, आणि शंटिंगच्या, म्हणजे वाघिणी पुढे-मागे करण्याच्या, रुळावर इंजिन अधिक तीन. चिठ्ठ्या टाकून पाच वाघिणींचा क्रम काढायचा आणि तशी गाडी जुळवायची. असे ६,७२० क्रम होतात, त्यामुळे कंटाळा येत नाही. वाघीण जोडासकट (डबे एकमेकांना अडकवणाऱ्या हुकासकट) ८० मिमी, इंजिन १२० आणि सांधा १६८ मिमी धरला तर शंटिंगचे ३६०, सांध्यांचे ३३६ आणि लांब फाट्याचे ४००, एकूण १,०९६ मिमी. चार फुटी फळीवर सव्वाशे मिमी उरतात. ते बफरला आणि सांध्याजवळ वाघीण दुसऱ्या फाट्यावरच्या वाघिणीला घासू नये म्हणून लागतातच.

काकांकडे वाघिणी तीनच होत्या. म्हणून सुरुवात धाकट्या रूपापासून: फाटे तीन-दोन-दोनचे आणि वाघिणी पाच. फक्त दोन जुन्या वाघिणी घ्याव्या लागल्या. विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून जोडाचा जवळून फोटो मागवा. वेगवेगळ्या काळातले जोड एकमेकांत अडकत नाहीत. डीसीसी, म्हणजे डिजिटल नियंत्रण, इथे निव्वळ उधळपट्टी. एका फळीवर एकच इंजिन धावतंय.

भारतीय गाडी हवी असेल तर डबे पुठ्ठ्याचे करता येतात, आणि तो स्वस्तातला आनंद आहे. आयसीएफ (चेन्नईची इंटिग्रल कोच फॅक्टरी) डब्याची लांबी २१,३३७ मिमी. एचओच्या १:८७ मापात २४५ मिमी. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिमीचा, या मापात तो १९ मिमीहून थोडा जास्त होतो, पण तयार रूळ १६.५ मिमीचेच मिळतात. हा फरक बहुतेक छंदी मान्य करून पुढे जातात. एवढा लांब डबा फळीवरच्या सांध्यांवर मात्र चालवू नये, कडेला आदळतो. तो कपाटात मांडायला ठेवावा.

डोळे आणि हात यांची भीती काकांनी शेवटी बोलून दाखवली. ओओ किंवा एचओ मापावरच राहा, नऊ मिमी रुळांचा एन गेज या वयात त्रास देतो. डोक्याला लावायचं भिंग, बाजूने येणारा दिवा, आणि दोन्ही कोपरं टेबलावर टेकलेली. कंप नव्याने सुरू झाला असेल तर तो वयाचा म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवा. वायरींना डाग देताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, खिडकी उघडी, आणि नंतर हात धुणं. डागाच्या तारेत बहुधा शिसं असतं. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र वायरीची जोडी द्या. नुसत्या जोडपट्ट्यांवर विसंबलं की वर्षभरात त्या ढिल्या होऊन इंजिन मध्येच थांबतं.

फळीसाठी प्लायवूडच्या दुकानातला ९ मिमीचा उरलेला तुकडा, खाली लाकडी पट्ट्यांची चौकट. एमडीएफ नको, पावसाळ्यात फुगतो. खडी म्हणून चाळलेली क्रशची कच चालते, पण आधी तिच्यातून चुंबक फिरवा, कारण लोखंडाचे कण मोटर ओढून घेते. वाळवलेला चहाचा चोथा मातीसारखा दिसतो. हे चिकटवायला एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर पाणी खडीत न मुरता गोळे होतात. सांध्याच्या हलत्या पात्यांपाशी हे मिश्रण थेंबभरही जाऊ देऊ नका.

खर्चाचा क्रम असा लागला: पहिला महिना सफाईचं सामान आणि मल्टिमीटर, दुसरा वीज, तिसरा फळी आणि सरळ रूळ. चौथा-पाचवा महिना सांध्यांचा, कारण तेच सर्वांत महाग. वाघिणी त्यानंतर. काकूंनी वहीत हिशेब ठेवायला घेतला आणि चिठ्ठ्या काढण्याचं कामही. काका आता दुसऱ्या इंजिनाबद्दल विचारतात. उत्तर एवढंच दिलं आहे: आठही वाघिणी फळीवर आल्या आणि पहिलं इंजिन सांध्यावर न थांबता हळू चाललं, की मग साठलेल्या पैशांतून.