पोलीस खात्यात कोणाच्या हातात काय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पोलीस खात्याची रचना आणि अधिकार याविषयी आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : पणजीला महानगरपालिका आहे, महापौर आहेत. मग मुंबई-पुण्यासारखा पोलीस आयुक्त का नाही? (वाचक, पणजी)

महानगरपालिका असली की पोलीस आयुक्त असतोच, असे नाही. पणजीची महानगरपालिका २००२ च्या स्वतंत्र कायद्याने झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास होती आणि सबंध गोव्याची साडेचौदा लाखांच्या थोडी वर. पोलीस आयुक्त नेमायचा की नाही, हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरते : दंडाधिकाऱ्याचे अधिकार पोलिसांना द्यायचे का?

गोव्यात १८६१ चा पोलीस कायदा लागू आहे. त्याच्या चौथ्या कलमानुसार जिल्ह्याचे पोलीस दल अधीक्षक चालवतात, पण जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली. जिल्हा दंडाधिकारी म्हणजेच आपले जिल्हाधिकारी. त्यामुळे जमावबंदीचा आदेश (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३, पूर्वीचे १४४) जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या हाताखालचे कार्यकारी दंडाधिकारी काढतात. शेतीरक्षणाच्या बंदुकीचा परवाना जिल्हाधिकारी देतात. राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखालच्या स्थानबद्धतेच्या आदेशावर सही त्यांचीच. पोलीस अहवाल देतात, शिफारस करतात, आदेश आल्यावर अंमल करतात.

मुंबईत हे सगळे आयुक्तालयातच होते. १८६४ पासून तिथे आयुक्त आहे. जमावबंदी, शस्त्रपरवाने, मिरवणुकांची परवानगी, तडीपारी, यांपैकी कशासाठीही फाइल जिल्हाधिकारी कार्यालयात जात नाही. दंगल पेटायच्या बेतात असताना हा वेग फार मोलाचा ठरतो. पण त्याची किंमतही आहे. शांतता राखण्याचे हमीपत्र घेण्याची कारवाई, जिला पोलीस ‘चॅप्टर केस’ म्हणतात, गोव्यात मामलेदार किंवा उपजिल्हाधिकाऱ्यांपुढे चालते. मुंबईत ती पोलीस अधिकाऱ्यांपुढेच चालते. म्हणजे माणसाला धरून आणणारे आणि त्याच्याकडून हमी मागणारे एकाच खात्याचे. गोव्यात दुसऱ्या खात्याचा अधिकारी मध्ये बसलेला असतो, आणि सामान्य माणसाच्या दृष्टीने ते संरक्षण आहे.

कायद्याने गोव्यात आयुक्तालय अशक्य नाही. दहा लाख लोकसंख्येची अट आयुक्त नेमण्यासाठी नव्हे, तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘महानगर क्षेत्र’ ठरवण्यासाठी होती. महाराष्ट्रात त्याहून लहान अमरावतीलाही आयुक्त आहे. उत्तर प्रदेशाने २०२० मध्ये लखनऊ आणि नोएडात अधिसूचना काढून आयुक्त नेमले. नव्या संहितेच्या कलम १५ नुसार राज्य सरकार अधीक्षक किंवा त्याहून वरच्या पोलीस अधिकाऱ्याला विशेष कार्यकारी दंडाधिकारी नेमू शकते. पण अवघे बारा तालुके एवढा पसारा असलेल्या राज्यात जिल्हाधिकारी आणि अधीक्षक एका फोनवर बोलू शकतात. आयुक्तालयाचा वेग इथे लागत नाही, आणि त्यासाठी मध्ये बसलेला दुसरा अधिकारी गमवावा असे आम्हाला वाटत नाही.

प्रश्न : मुलगा मुंबईत नोकरीला आहे. तिथे सह आयुक्त, अपर आयुक्त, उपायुक्त अशी पदे ऐकतो. यात मोठा कोण, आणि गोव्यातल्या कोणत्या पदाशी ते जुळते? (वाचक, डिचोली)

सगळ्यांत वर पोलीस आयुक्त, महासंचालक किंवा अपर महासंचालक दर्जाचे. त्यांच्याखाली सह आयुक्त, आणि त्यांची वाटणी कामावरून होते : कायदा व सुव्यवस्था, गुन्हे, वाहतूक, प्रशासन, आर्थिक गुन्हे. दर्जा महानिरीक्षकाचा. त्यांच्याखाली अपर आयुक्त, उपमहानिरीक्षक दर्जाचे. इथून वाटणी भूभागावरून सुरू होते. शहराचे दक्षिण, मध्य, पूर्व, पश्चिम आणि उत्तर असे प्रादेशिक विभाग, प्रत्येकावर एक अपर आयुक्त. विभागाखाली परिमंडळे, प्रत्येकावर उपायुक्त. परिमंडळाखाली दोन-तीन पोलीस ठाण्यांमागे एक सहाय्यक आयुक्त. ठाण्यावर वरिष्ठ पोलीस निरीक्षक, ज्यांना तिथे सगळे ‘सीनियर पीआय’ म्हणतात. अशी नव्वदच्या वर ठाणी आहेत.

उपायुक्त आणि आपले जिल्हा अधीक्षक एकाच दर्जाचे. सहाय्यक आयुक्त म्हणजे आपले उपअधीक्षक, जे इथे उपविभागीय पोलीस अधिकारी म्हणून काम पाहतात. मुंबईत सहाय्यक निरीक्षक (एपीआय) ही एक जादा पायरी निरीक्षक आणि उपनिरीक्षक यांच्यामध्ये असते. गोव्यात ती नाही.

गुन्हे शाखा, आर्थिक गुन्हे शाखा, विशेष शाखा आणि सशस्त्र पोलीस या भूभागाच्या उतरंडीत बसत नाहीत. त्यांचे अधिकारी थेट आपापल्या सह किंवा अपर आयुक्तांना जबाबदार. म्हणून एखादा गुन्हा ‘क्राइम ब्रँचकडे वर्ग झाला’ की ठाण्यात जाऊन विचारण्यात अर्थ नसतो. तिथे कागदच उरलेला नसतो. मुलाला सांगून ठेवा : तक्रार कुठलीही असो, आधी आपल्या ठाण्याचे परिमंडळ आणि त्याचे उपायुक्त कोण ते पाहून ठेवावे. वरिष्ठ निरीक्षकांनी ऐकले नाही तर पुढची दोन दारे सहाय्यक आयुक्त आणि उपायुक्त ही आहेत. थेट आयुक्तांना पाठवलेले पत्र बहुतेक वेळा शेऱ्यासह त्याच ठाण्यात परत येते आणि तेवढे दिवस वाया जातात.

प्रश्न : खांद्यावरच्या खुणांवरून दर्जा कसा ओळखायचा? (वाचक, फोंडा)

लाल-निळी फीत आणि एक तारा : सहाय्यक उपनिरीक्षक. तीच फीत आणि दोन तारे : उपनिरीक्षक. फीत आणि तीन तारे : निरीक्षक. तीन तारे पण फीत नाही : उपअधीक्षक. अशोकचिन्ह आणि एक तारा : अधीक्षक, चिन्हासोबत दोन तारे : वरिष्ठ श्रेणीतले अधीक्षक, तीन तारे : उपमहानिरीक्षक. तलवार आणि दंडुक्याची फुली दिसली की महानिरीक्षक किंवा त्यावरचे. बाहीवर तीन उलट्या पट्ट्या म्हणजे हवालदार. नावाची पट्टी छातीवर असते. तक्रारीत नाव आणि दर्जा दोन्ही लिहा.

प्रश्न : जत्रेत, शिगम्याच्या मिरवणुकीत गर्दी आवरण्याची जबाबदारी पोलिसांची की जिल्हाधिकाऱ्यांची? (वाचक, मये)

दोघांचीही. मे २०२५ मध्ये शिरगावच्या श्री लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे जीव गेले. त्यानंतर सरकारने उत्तर गोव्याचे जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, डिचोलीचे उपजिल्हाधिकारी, उपअधीक्षक आणि निरीक्षक अशा सगळ्यांच्या बदल्या केल्या. या यादीवरूनच उत्तर स्पष्ट होते.

व्यवहारात काम असे वाटलेले असते. परवानगी, देवस्थान समितीबरोबरची बैठक, दुकानांच्या जागा, अग्निशमन, रुग्णवाहिका, वीज, रस्त्याची रुंदी हे महसूल प्रशासनाकडे. किती माणसे कुठे उभी करायची, कोणत्या वाटेने लोक आत सोडायचे आणि कोणत्या वाटेने बाहेर, वाहने किती अंतरावर अडवायची, हा बंदोबस्ताचा आराखडा पोलिसांकडे. चूक बहुधा या दोहोंच्या सांध्यावर होते. दुकाने मांडताना रस्ता अरुंद झाला तर आराखड्यातला रस्ता कागदावरच राहतो, आणि जत्रेच्या रात्री तो मोकळा करणे कोणालाच जमत नाही. म्हणून समितीने जागेची आखणी झाल्यावर उपजिल्हाधिकारी आणि उपअधीक्षक यांना एकत्र बोलावून वाटा चालून दाखवाव्यात. एकाच वाटेने येणे-जाणे ठेवायला समितीने ठाम नकार द्यावा. दुसरे, बाहेरच्या पोलीस स्थानकांतून बंदोबस्ताला आलेल्या शिपायाला गावच्या वाटा माहीत नसतात. त्याच्यासोबत गावातला एक स्वयंसेवक उभा करा.

प्रश्न : गोवा घटक राज्य असताना महासंचालक बाहेरून का येतात? (वाचक, पेडणे)

गोवा ३० मे १९८७ रोजी घटक राज्य झाले आणि पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे, हे खरे. पण भारतीय पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्यांची गोव्यासाठी वेगळी तुकडी (केडर) नाही. अरुणाचल प्रदेश, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेश यांची एकत्र तुकडी आहे, आणि तिच्यातल्या नेमणुका केंद्रीय गृह मंत्रालय करते. दिल्लीत उपायुक्त असलेला अधिकारी पुढे इथे अधीक्षक म्हणून येतो, इथला महासंचालक दिल्लीला जातो. २०२१ पासून जम्मू-काश्मीरही याच तुकडीत आहे.

राज्य सरकार खाते चालवते, पगार देते, धोरण ठरवते. दिल्लीत तेही नाही : घटनेच्या २३९-अअ कलमाने पोलीस हा विषय तिथल्या सरकारकडे नाहीच, तिथले आयुक्त केंद्राला जबाबदार. त्यामानाने गोव्याची स्थिती पुष्कळ बरी.

अडचण आहे ती कार्यकाळाची. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्यात महासंचालक, जिल्हा अधीक्षक आणि पोलीस स्थानकाचे प्रमुख यांना किमान दोन वर्षे एका जागी ठेवावे असे सांगितले. वरचा अधिकारी लवकर बदलला तर खाते प्रत्येक वेळी नवी घडी शिकते. गोव्यात सातत्य टिकते ते गोवा पोलीस सेवेतल्या उपअधीक्षकांमुळे आणि स्थानकांच्या निरीक्षकांमुळे. गाव, वाद, माणसे त्यांना ठाऊक असतात. म्हणून आमच्या मते आपल्या निरीक्षकाची मुदतीआधी बदली होणे हे महासंचालक बदलण्यापेक्षा गावाला जास्त महागात पडते.

प्रश्न : ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून तक्रार घेतली नाही. आता कुठे जावे? (वाचक, मडगाव, अशीच पत्रे वास्को आणि काणकोणहून)

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता नोंदवावी लागते. तिला शून्य क्रमांक देऊन मग योग्य स्थानकाकडे पाठवायचे असते. तेव्हा हे कारण आता चालत नाही.

तक्रार लेखी न्या. तारीख, वेळ, जागा, काय घडले, कोण होते, काय गेले, एवढेच, क्रमाने. राग आणि तर्क बाजूला ठेवा. दोन प्रती करा आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही घ्या. मराठीत लिहिली तरी हरकत नाही. मात्र गोव्यात एफआयआर बहुधा इंग्रजीत टंकलेली असते. सही करण्याआधी ती वाचून अर्थ सांगायला लावा, हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. नुकसानीचा आकडा आणि वेळ यांत चूक राहिली तर पुढे न्यायालयात तीच आडवी येते. प्रत मोफत मिळते. ई-मेलने किंवा पोर्टलवरून खबर दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. अनेकांची तक्रार इथेच राहून जाते.

दोन गोष्टी नकारासारख्या वाटतात, पण नकार नसतात. तीन वर्षे किंवा अधिक, पण सातपेक्षा कमी वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. आणि शिवीगाळीसारखा अदखलपात्र प्रकार असेल तर नोंद होते, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही.

खरोखर नकार दिला तर तक्रारीचा मजकूर रजिस्टर्ड पोस्टाने जिल्हा अधीक्षकांना पाठवा आणि पावती जपा. तिथेही काही झाले नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अधीक्षकांची पायरी वगळून गेलेला अर्ज अडतो, म्हणून ती पावती महत्त्वाची. कोठडीतला मृत्यू, गंभीर मारहाण, बेकायदा अटक अशा तक्रारींसाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० वर फोन करा, स्थानकात नंतर जा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायला काही तास पुरतात.

प्रश्न : गुन्हा नोंदला, पण तपास महिनोन्‌महिने रखडतो. कारण काय? (वाचक, सांगे)

तपास करणारा उपनिरीक्षक फक्त तपास करत नाही. सकाळी न्यायालयात साक्ष, दुपारी मंत्र्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त, संध्याकाळी अपघाती मृत्यूचा पंचनामा, रात्री गस्त. मोसमात किनाऱ्यावरच्या कार्यक्रमांना आतल्या तालुक्यांतली माणसे ओढली जातात. तपास त्या वेळी थांबतो. तो मागे टाकता येतो, बंदोबस्त टाकता येत नाही.

याचे उत्तर प्रकाश सिंग निकालातच आहे : तपास करणारे पोलीस आणि कायदा-सुव्यवस्थेचे पोलीस वेगळे करावेत, सुरुवात दहा लाखांवरच्या शहरांपासून. गोव्यातले एकही शहर त्या आकड्याजवळ नाही. तरीही म्हापसा, मडगाव, कळंगुट अशा कामाने भरलेल्या स्थानकांत दोन-तीन उपनिरीक्षक आणि त्यांचे हवालदार केवळ तपासासाठी राखून ठेवायला कोणी अडवलेले नाही. आम्हाला आयुक्तालयापेक्षा या मागणीत कितीतरी अधिक दम वाटतो.

तोवर तुम्ही करण्यासारखे : एफआयआर क्रमांक, कलमे आणि तपास अधिकाऱ्याचे नाव-दर्जा लिहून ठेवा. अधिकाऱ्याची बदली झाली की नवा कोण ते आठवडाभरात विचारा, कारण ताबा देताना फाइल मागे पडते. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेचा गुन्हा असेल तर न्यायवैद्यक पथक जागेवर आले होते का, हे विचारा. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्याप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र न गेल्यास त्याला जामिनाचा हक्क मिळतो. पन्नासाव्या दिवशी उपअधीक्षकांना लेखी आठवण दिलीत तर उपयोग होतो. आणि तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत तक्रारदाराला किंवा पीडिताला कळवणे कलम १९३ ने पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवले नसेल तर पत्रात त्या कलमाचा क्रमांक घालून विचारा.