शालेय मंत्रिमंडळ पहिल्यांदाच करताय? मग एवढंच बघा

मॅडम, पहिल्या वर्षी पसारा घालू नका. बारा खाती वाटली की बारा बिल्ले येतात, काम मात्र दोघंच करतात. पाणी, स्वच्छता, पोषण आहार आणि परिपाठ ही चार खाती पुरे.

निवडणूक मात्र खरी घ्या. हात वर करून मत घेतलं की मुलं वर्गातल्या दांडगटाकडे बघून हात वर करतात. पहिलीच्या मुलांना नावं वाचता येत नाहीत, म्हणून मतपत्रिकेवर पतंग, छत्री, फुगा अशी चिन्हं काढा. खोक्याची मतपेटी चालते. डाव्या तर्जनीला मार्करचा ठिपका लावायला विसरू नका, पोरांना त्याचंच जास्त अप्रूप! मोजणी सगळ्यांसमोर करा.

नेहमी होणाऱ्या चुका:
- हुशार मुलांनाच उभं करणं. मागच्या बाकावरची पोरगी पाण्याची टाकी जास्त नीट सांभाळते.
- मंत्र्यांना 'बोलणाऱ्यांची नावं लिहा' हे काम देणं. मंत्री लगेच फौजदार होतो.
- मुलांनी सरपंचांना लिहिलेला अर्ज आपणच सुधारून देणं. 'नळाची तोटी गळते, खाली चिखल होतो, आम्ही घसरतो' हे मुलांच्याच अक्षरात जाऊ द्या. शुद्धलेखन नंतर शिकवा.

अर्जाची पोच मात्र मुलांनाच आणायला लावा. उत्तर आलं नाही, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्यांनाच विचारू द्या. तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळे मुलं बुजत नाहीत.

बालसभा, ग्रामसभा पुढच्या वर्षी बघू.