दुखणं फायलीसाठी राखून ठेवू नका

वाचकांचे प्रश्न
उत्तरं देताहेत : सेवानिवृत्त सुभेदार, आर्मी मेडिकल कोअर, कोल्हापूर

प्रश्न : नमस्कार. आम्ही गडहिंग्लज तालुक्यातले. माझे मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीतून २०१८ साली हवालदार म्हणून रिटायर झाले. २००७ च्या जानेवारीत काश्मीरमध्ये पोस्टवर रेशन चढवताना ते बर्फावरून घसरले आणि पाठीवरच्या ओझ्यासकट दगडावर आपटले. मणक्यातली गादी सरकली, पुढे कायमची लो मेडिकल कॅटेगरी (तब्येतीचा खालचा दर्जा) झाली. सुटताना मेडिकल बोर्डाने २० टक्के अपंगत्व लिहिलं, पण खाली शेरा मारला की हे नोकरीमुळे झालेलं नाही आणि नोकरीने वाढलेलंही नाही. डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर झाली. तेव्हा अपील केलं नाही.

आता ओळखीचा एक माणूस म्हणतो, केस करून देतो, मिळतील त्यातले तीस टक्के माझे. केस संपेपर्यंत कमरेचा इलाज करू नका, बरे दिसलात तर टक्के कापतील, असं त्यानंच ह्यांच्या डोक्यात भरवलंय. तेव्हापासून फिजिओथेरपी बंद आहे. मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. म्हशीखाली बसता येत नाही म्हणून धारा मीच काढते. रात्री कँटीनच्या कोट्यातली रम घेतल्याशिवाय त्यांचा डोळा लागत नाही. गावात लोक म्हणतात, पेन्शन मिळतेय तरी हाव सुटत नाही. मागच्या आठवड्यात हे म्हणाले, ‘असं जगायचं तरी कशाला.’ आम्ही काय करावं?

उत्तर : वहिनी, पत्रातली शेवटची ओळ आधी घेतो. बाकीचं दोन दिवस थांबलं तरी चालेल.

वर्षानुवर्षं दुखणं सोसणाऱ्या, झोप उडालेल्या माणसाच्या तोंडून असं वाक्य निघालं तर ते वैतागाचं समजून सोडून देऊ नका. आज रात्री त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, ‘जीव द्यायचं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार नव्यानं मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाले, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. गोळ्यांची पाकिटं आणि शेतातलं औषध कुलपात ठेवा. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फोन फुकट असतो, कुठल्याही वेळी लागतो आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही तो लावा. म्हैस, शेत, नवरा आणि वरून गावाचे टोमणे, असा सगळा भार तुमच्या एकटीच्या खांद्यावर आहे.

आता इलाज बंद करण्याबद्दल. हे वाचून मला खरंच राग आला. हवालदारसाहेबांची केस आजच्या कमरेवर ठरणार नाही. ती ठरेल २०१८ च्या रिलीज मेडिकल बोर्डावर, म्हणजे सुटतानाच्या तपासणीवर, आणि त्याआधीच्या हॉस्पिटलच्या कागदांवर. कायमच्या अपंगत्वाचे टक्के रिलीज बोर्डानं एकदा लिहिले की ते जन्मभरासाठी असतात. २००१ पासून हेच धोरण आहे. सैनिकानं स्वतः फेरतपासणी मागितली तरच ते पुन्हा बघतात. त्यामुळे उद्या फिजिओथेरपीनं त्यांना खाली बसून जेवता आलं तरी ते २० टक्के कुणी कापणार नाही. भांडण टक्क्यांचं नाहीच, खालच्या शेऱ्याचं आहे.

आणि समजा, अपिलात पुन्हा बोर्ड लागलंच. मी चोवीस वर्षं नर्सिंग असिस्टंट ते सुभेदार अशी नोकरी केली, त्यातली सहा बोर्डाच्या खोलीत. सर्जन माणसाला झोपवून पाय सरळ वर उचलतात, किती अंशांवर कळ येते ते लिहितात. नंतर त्याला काठावर बसवून गावच्या गप्पा मारत तोच गुडघा हळूच सरळ करतात. नसेवर ताण तोच पडतो. झोपून तीस अंशांवर ओरडणारा बसल्यावर हूं की चूं करत नसेल, तर त्याच्या बाकीच्या खऱ्या दुखण्यावरचाही विश्वास उडतो. ज्याच्या हातात इलाजाची सलग फाइल असते, अमुक महिने व्यायाम केला, अमुक औषध लागू पडलं नाही, त्याचं म्हणणं मात्र लगेच पटतं. इलाज न घेणाऱ्याला पहिला प्रश्न असतो, एवढं दुखतंय तर दाखवलं का नाही?

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. वॉर्डात राउंडच्या वेळी साहेब विचारायचे, ‘कैसे हो जवान?’ पलंगाची दांडी धरून उभा असलेला, कपाळावर घाम आलेला जवानही म्हणायचा, ‘ठीक हूँ साब.’ आणि मी केसशीटवर लिहायचो, ‘नो फ्रेश कम्प्लेंट’. शिकवलं तसंच लिहीत होतो. पुढे बोर्डाच्या खोलीत तेच कागद परत हातात आले तेव्हा कळलं, की तेवढ्या तीन शब्दांनी किती जणांचं दुखणं कागदावरून पुसलं गेलं होतं. हवालदारसाहेबांच्या कागदांतही असे ‘ठीक हूँ’ नक्की सापडतील. त्यांना सांगा, इथून पुढं डॉक्टरांसमोर ते शब्द वापरायचे नाहीत.

त्यासाठी शाळेची दोनशे पानी वही घ्या. ‘खूप दुखतं’ असं त्यात लिहू नका, त्याचं कुणाला मोजमाप करता येत नाही. ‘पहाटे साडेतीनला कळ आली, कूस बदलायला दोनदा हात टेकावा लागला. मोजे बायकोनं घातले. एसटीत निपाणीपर्यंत बसलो, पुढं कोल्हापूरपर्यंत दांडा धरून उभा. डाव्या अंगठ्याला मुंग्या.’ असं लिहायचं. तारीख घालायची. चांगला दिवस गेला तर तोही लिहायचा. डॉक्टरांना औषध ठरवायला ही वही लागेल आणि वकिलालाही उपयोगी पडेल.

इलाजाचं म्हणाल तर कोल्हापूरच्या ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकला आधी जा. कार्ड असून लोक वापरत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. तिथं रक्तदाब बघून घ्या आणि क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाची, रक्ततपासणी मागा. डायक्लोफिनॅक महिनोन् महिने रोज घेतली की पोटात अल्सर होऊ शकतो, मूत्रपिंड खराब होऊ शकतं, रक्तदाब चढू शकतो. कळ कमरेतून पायात करंटसारखी उतरत असेल तर ती नसेची कळ असते आणि तिच्या गोळ्या वेगळ्या असतात. त्या डॉक्टरांनीच ठरवायच्या, आणि चालू असताना रम अजिबात नको. दोन्ही मिळून गुंगी वाढते, श्वास मंदावू शकतो. रमबद्दल डॉक्टरांना खरं सांगा. जास्त घेत असतील तर एका झटक्यात बंद करू नका, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानं.

इतक्या वर्षांच्या दुखण्यात नुसती गादी दुखत नसते. कळ पोचवणाऱ्या नसा आणि मेंदू हळवे होऊन बसतात. म्हणून एमआरआय तोच राहतो आणि दुखणं मात्र वाढतं. ते नाटक नसतं, हे तुमच्या दोघांच्याही मनात पक्कं बसायला हवं. अंथरुणाला खिळून ते कमी होत नाही. दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटं चालणं, फिजिओनं शिकवलेले व्यायाम आणि ठरल्या वेळी झोप, यानं पहिले काही आठवडे काहीच फरक वाटत नाही, मग हळूहळू पडतो. आपल्या फौजी माणसांचा घात होतो तो बऱ्या दिवशी. जरा बरं वाटलं की युरियाची पंचेचाळीस किलोची दोन पोती पाठीवर घेऊन शेतात टाकतात आणि पुढचे चार दिवस उठत नाहीत. बऱ्या दिवशीही दहाच मिनिटं.

बसायच्या जागेभोवती बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, पाऊल उचलताना चप्पल घासायला लागली, तर सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजले असले तरी कोल्हापूरचं सीपीआर सरकारी रुग्णालय किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

आता कागद. तुम्ही बोर्डाच्या कागदाची झेरॉक्स पाठवलीत ते बरं केलंत. त्यात दुखण्याची सुरुवात २०११, तीही शांत ठिकाणच्या स्टेशनवर, अशी लिहिली आहे. म्हणजे २००७ चा पहिला अॅडमिशनचा कागद बोर्डापुढे आलेलाच दिसत नाही. दुसऱ्यांदा कंबर धरली ती तारीख त्यांनी पहिली धरली आणि तिथून शेरा उलटा गेला. घरातली ट्रंक उपसा. २००७ ची डिस्चार्ज स्लिप, इंजुरी रिपोर्ट, कॅटेगरीचे कागद, जे सापडेल ते काढा. नसेल तर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला माहितीच्या अधिकारात अर्ज करा : दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, आणि मागणी नेमकी : संपूर्ण वैद्यकीय कागदपत्रं, एएफएमएसएफ-१६ हा बोर्डाचा फॉर्म, २००७ च्या अॅडमिशनचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटनं केलेली त्याची अधिकृत नोंद. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. त्या दिवशी पोस्टवर सोबत असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं घ्या. ते कुठल्या गावचे हे हवालदारसाहेबांना तोंडपाठ असणार, विचारून बघा.

कायदा तुमच्या बाजूचा आहे. भरती होताना अंगात दोष असल्याची नोंद नसेल आणि पुढे अपंगत्व आलं, तर ते नोकरीमुळेच असं आधी मानायचं, तसं नाही म्हणायचं असेल तर बोर्डानं कारण लिहायचं आणि शंकेचा फायदा सैनिकाला द्यायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं. २०१४ च्या राम अवतार निकालानं पूर्ण मुदत भरून रिटायर झालेल्यांनाही टक्के वरच्या टप्प्यात नेण्याचा फायदा मिळाला. त्यामुळे शेरा बदलला तर २० चे ५० धरले जातात. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, म्हणून ५० ला १५ टक्के. शेवटचा पगार चाळीस हजार धरला तर महिना सहा हजार, वर महागाई वेगळी.

अपिलाची सहा महिन्यांची मुदत केव्हाच गेली, तरी दार बंद झालेलं नाही. उशिराचं कारण लिहून अपील पाठवा. सहा महिन्यांत निकाल आला नाही किंवा विरुद्ध गेला, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येतं. फक्त एक ध्यानात ठेवा : उशीर झालेल्या केसमध्ये थकबाकी साधारणपणे अर्जाच्या मागची तीनच वर्षं मिळते, हे २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून ठरलेलं आहे. आता थांबाल तो प्रत्येक महिना मागून एक महिना खाऊन जाईल.

तो तीस टक्केवाला वकील नसणार, कारण निकालाच्या रकमेत वाटा ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. त्याला मूळ कागद देऊ नका, दिले असतील तर आजच परत आणा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज फुकट लिहून मिळतो.

आणि गावाचं बोलणं. हवालदारसाहेबांना एवढंच विचारा : त्या दिवशी त्यांच्या जागी त्यांच्या सेक्शनमधला पोरगा घसरला असता आणि आज पेन्शन मागत असता, तर त्याला ते हावरट म्हणाले असते का? ही मागणी त्यांनी सांडलेल्या घामाची आहे. मान खाली घालायचं काही कारण नाही.

प्रश्न : मी अजून नोकरीत आहे, सुट्टीवर शिरोळला आलोय. पुढच्या वर्षी रिलीज आहे. दोन वर्षांपासून गुडघा दुखतो, पण कॅटेगरी पडू नये म्हणून कधी सांगितलं नाही. आता सांगू की तसंच सुटू?

उत्तर : भावा, सांग. तुला २१ सप्टेंबर २०२३ पासूनचे नवे नियम लागतील. त्यात मुदत भरून सुटणाऱ्याला मिळणाऱ्या रकमेला इम्पेअरमेंट रिलीफ म्हणतात, आणि जुन्या निकालांवर सगळं सोडून चालणार नाही, नोंद पक्की हवी. रिलीजच्या तोंडावर पहिल्यांदा गुडघा दाखवलास तर दोन वर्षांचं दुखणं कुठल्या कागदावर दाखवशील? पोचल्यावर पहिल्या आठवड्यात सिक रिपोर्ट कर, म्हणजे आजारी म्हणून नोंद करून डॉक्टरांना दाखव. कधी, कुठं, कशानं सुरू झालं ते तारखेनिशी सांग. वाढवून नको आणि लपवूनही नको. एमआय रूममधून (युनिटच्या दवाखान्यातून) निघायच्या आधी काय लिहिलंय ते स्वतः वाच. ‘नो फ्रेश कम्प्लेंट’ लिहिलं असेल तर तिथंच, अदबीनं, दुरुस्त करून घे.