तीन वस्तू सांगितल्या, एकच आणली

प्रश्न : धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या नियमित घेतो, कानात आवाज येणंही थांबलंय. पण दुकानातून तीन वस्तू आणायला सांगितल्या तर एकच आणतो. आई ओरडली की तीही विसरतो. हा आळस आहे का? (वाचक, सातारा)

उत्तर : आळस नाही, आजाराचाच भाग आहे. भास आणि संशय गोळ्यांनी ओसरतात. पण ऐकलेली गोष्ट काम होईपर्यंत मनात धरून ठेवायची ताकद, जिला वर्किंग मेमरी म्हणतात, ती गोळ्यांनी फारशी सुधारत नाही. तपासणीत आकडे उलट्या क्रमाने म्हणायला सांगतात, ४-९-२ ऐकून २-९-४, ते याच ताकदीचा अंदाज घेण्यासाठी.

पाव किलो रवा, हिंगाची डबी, अर्धा लिटर दूध. आपण हे मनात घोळवत दुकानापर्यंत जातो. भावाच्या मनात तेवढी जागा नसते. दुकानदाराने मध्येच ‘सुट्टे आहेत का?’ विचारलं की हिंग आणि दूध निसटतं. आई ओरडते तेव्हा ‘माझं चुकलं, आता काय बोलणार’ हा विचार उरलीसुरली जागाही व्यापतो. म्हणजे आठवावं म्हणून आवाज चढवला की तो जास्तच विसरणार.

घरातल्या टीकेचा परिणाम विसरण्यापुरता राहत नाही. १९७२ साली ब्राउन, बर्ली आणि विंग यांनी लंडनमध्ये १०१ रुग्णांचा पाठपुरावा केला. सतत टीका, राग किंवा अति काळजी असलेल्या घरांत परतलेल्यांपैकी ५८ टक्के जणांचा आजार नऊ महिन्यांत उलटला, शांत घरांत १६ टक्के जणांचा. पण म्हणून आईला दोष देऊ नका. शुभंकर, म्हणजे रुग्णाची काळजी घेणारा घरचा माणूस, थकलेला असतो, त्यालाही विसावा हवा.

उद्यापासून यादी कागदावर लिहा, एका ओळीत एकच वस्तू, प्रमाणासह. सुरुवात दोन वस्तूंपासून करा. वस्तू पिशवीत पडली की त्याने स्वतः खूण करायची. चहासारख्या कामाची पाच ओळींची चिठ्ठी गॅसजवळ, डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा. ती बारा ओळींची झाली की वाचलीच जात नाही. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे : चिठ्ठी समोर असते आणि मागून कोणीतरी ‘साखर टाकलीस का?’ विचारत राहतं. मग डोळे एक सांगतात, कान दुसरं. बोलायचंच असेल तर एक वाक्य बोला आणि दहा सेकंद थांबा. नवं काम शिकवताना ‘ओळख बघू पुढे काय’ असं करू नका, कारण चुकीचा अंदाजच डोक्यात बसतो. बरोबर पायरी आधी करून दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या.

प्रश्न : आजी गेली तेव्हा स्किझोफ्रेनिया असलेल्या माझ्या मुलीच्या डोळ्यांत पाणीही आलं नाही. तिला काही वाटतच नाही का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : वाटतं. क्रिंग आणि नील यांनी १९९६ साली अमेरिकेत अशा रुग्णांना चित्रफिती दाखवल्या. चेहऱ्यावर इतरांपेक्षा कमी दिसलं, पण आनंद-दुःख इतरांइतकंच जाणवल्याचं त्यांनी सांगितलं. त्वचेवरच्या सूक्ष्म घामाच्या नोंदींतही भावना उमटल्या होत्या. तेव्हा तिच्याशी आजीबद्दल बोला, चेहरा पाहून थांबू नका. चेहरा ताठर आणि चालही मंद असेल तर तो औषधाचा परिणाम असू शकतो, डॉक्टरांना दाखवा.

अडचण पुढच्या आनंदाची असते. ‘रविवारी मामाकडे जायचं का?’ म्हटलं की ‘नको’ येतं, प्रत्यक्ष गेल्यावर ती रमते. जे अजून घडलेलं नाही त्याचं चित्र मनात धरायलाही बहुधा वर्किंग मेमरीच लागते. तेव्हा मागच्या भेटीचा फोटो समोर ठेवा आणि फक्त पहिली पायरी सांगा : ‘दहाला चप्पल घालून खाली येऊ.’

प्रश्न : स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांनी आलेल्या हातांच्या थरथरीसाठी नवऱ्याला पॅसिटेन चालू आहे. विसरणं वाढलंय, गोळी बंद करू का? (वाचक, नांदेड)

उत्तर : स्वतःहून नको. शंका मात्र रास्त आहे. पॅसिटेनमधलं ट्रायहेक्सीफेनिडिल हे औषध अ‍ॅसिटिलकोलिन या मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं काम अडवतं, आणि स्मरणासाठी तेच लागतं. उपचाराच्या सुरुवातीला दिलेली ही गोळी पुष्कळदा गरज सरल्यावरही वर्षानुवर्षं चालू राहते. पुढच्या भेटीत ‘ही अजून लागते का, हळूहळू कमी करता येईल का?’ असं सरळ विचारा. एकदम बंद केली तर थरथर आणि ताठरपणा परतू शकतो, झोपही उडू शकते. मूळ आजाराच्या गोळीला हात लावू नका. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, सर्दीची आणि खाजेची सुद्धा; त्यांतल्या काही गोळ्या अशाच तऱ्हेने स्मरणावर परिणाम करतात.