वाचकांचे प्रश्न : दुभंगलेल्या राष्ट्रासाठी प्रार्थना करताना

प्रश्न : आमच्या मंडळीने राष्ट्रासाठी विशेष उपासना ठेवण्याचे ठरवले आहे. राजकीय मतभेदांवरून देशात वाढलेल्या तेढीची झळ आता मंडळीलाही लागली आहे. मागील उपासनेत मुक्त प्रार्थनेच्या वेळी एका सभासदाने ‘प्रभू, यांचे डोळे उघड’ अशी प्रार्थना केली आणि ‘यांचे’ म्हणजे कोणाचे, हे सर्वांच्या लक्षात आले. तेव्हापासून दोन कुटुंबे उपासनेस येईनाशी झाली आहेत. येत्या उपासनेसाठी इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकातील सातव्या अध्यायाचे चौदावे वचन निवडले आहे. ते आपल्या राष्ट्राला लागू होते काय? आणि अशी उपासना कशी घ्यावी, म्हणजे ती आणखी दुरावा निर्माण करणार नाही?

उत्तर : आधी वचनाविषयी लिहितो, कारण त्याचा संदर्भ न पाहता ते फलकावर रंगवण्याची सवय आपल्याला जडली आहे. शलमोन राजाने यरुशलेमेतील मंदिराचे समर्पण केल्यानंतर परमेश्वराने त्याला रात्री दर्शन दिले आणि अवर्षण, टोळधाड किंवा मरी आली असता लोकांनी काय करावे, हे सांगितले. देश बरा करण्याचे अभिवचन त्या संकटांच्या संदर्भात आहे आणि ते कराराने बांधलेल्या इस्राएल लोकांना दिलेले आहे. आजचे कोणतेही राष्ट्र, मग तेथे ख्रिस्ती लोक मूठभर असोत की बहुसंख्य, त्या अर्थाने देवाशी करार झालेले राष्ट्र नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे हे वचन राष्ट्राला मिळालेली हमी म्हणून वाचू नये. तरीही ते बाजूला ठेवावे असे मी म्हणणार नाही, कारण त्यातल्या अटी कोणावर आहेत, हे फार महत्त्वाचे आहे. नम्र होणे, प्रार्थना करणे, देवाचे मुख शोधणे आणि दुष्ट मार्गापासून वळणे या चारही गोष्टी तेथे ‘माझे लोक’ म्हणवणाऱ्यांकडून, म्हणजे प्रार्थना करणाऱ्यांकडूनच, अपेक्षिलेल्या आहेत. देश बरा व्हावा म्हणून विरोधकाने वळावे, असे त्या वचनात कोठेही नाही.

आपल्या मंडळीतील अडचणीचे मूळ मला येथेच दिसते. राष्ट्रासाठी केलेल्या प्रार्थनेत आपण कोणते सर्वनाम वापरतो, यावरून तिची दिशा ठरते. दानीएलाच्या पुस्तकाचा नववा अध्याय उघडून पाहा. ज्याच्या वर्तनात शत्रूंनाही दोष सापडला नव्हता, तो दानीएल यरुशलेमेच्या नाशाविषयी प्रार्थना करताना ‘आम्ही पाप केले’ असे म्हणतो. ‘आमच्या राजांनी केले आणि भोगावे मात्र आम्हाला लागते’ असे म्हणण्याची त्याला पुरेपूर सोय होती. यरुशलेमेचा पडलेला कोट पुन्हा बांधणारा नहेम्याही तसाच. पूर्वजांच्या अपराधांची कबुली देताना तो स्वतःला आणि आपल्या पित्याच्या घराण्याला त्यातून वगळत नाही.

याच्या उलट काय घडते, याचे इतिहासातील सर्वांत परखड वर्णन एका राजकीय भाषणात आढळते. अमेरिकेतील यादवी युद्ध संपत आले असताना, ४ मार्च १८६५ रोजी, राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दुसऱ्यांदा घेताना अब्राहम लिंकन यांनी म्हटले होते, की दोन्ही बाजू एकच पवित्र शास्त्र वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात आणि प्रत्येक बाजू दुसरीविरुद्ध त्याचे साहाय्य मागते. दोघांच्याही प्रार्थना मान्य होणे शक्य नव्हते आणि कोणाचीच पूर्णपणे मान्य झालेली नाही. हे भाषण करणारा नेता तेव्हा विजयाच्या उंबरठ्यावर उभा होता. तरीही गुलामगिरीच्या अपराधाचे माप त्याने एकट्या दक्षिणेच्या पदरात घातले नाही. युद्धरूपी शिक्षा उत्तर आणि दक्षिण या दोघांनाही मिळाली आहे, असे त्याने मांडले.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीचे कॅथेड्रल १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात जळून गेले. तेथील प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी त्याच वर्षीच्या नाताळात, त्या भग्न वास्तूतून झालेल्या रेडिओ प्रक्षेपणात, सूडाचा विचार मनातून काढून टाकण्याचा प्रयत्न करू या, असे आवाहन केले. पुढे वेदीमागील भिंतीवर त्यांनी दोनच इंग्रजी शब्द कोरून घेतले : ‘Father Forgive’, म्हणजे ‘पित्या, क्षमा कर’. वधस्तंभावरील प्रभूच्या प्रार्थनेत ‘त्यांना’ हा शब्द आहे. भिंतीवर तो नाही. तो प्रभूलाच शोभतो, कारण निर्दोष असा एकटा तोच होता. द्वेष, लोभ, मत्सर आणि दुसऱ्याच्या दुःखाविषयीची बेपर्वाई यांची कबुली देणारी एक समेटाची प्रार्थना तेथे १९५८ मध्ये तयार झाली. ती आजही दर शुक्रवारी दुपारी म्हटली जाते आणि तिच्या प्रत्येक ओळीनंतर लोक हेच दोन शब्द उच्चारतात.

आता व्यवहाराचे. या एका उपासनेपुरती मुक्त प्रार्थना ठेवू नये, असे मी सुचवतो. मुक्त प्रार्थनेचा मी विरोधक नाही. पण मने दुखावलेली असताना डोळे मिटून देवाशी बोलता बोलता शेजाऱ्याला टोमणा मारण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही आणि त्या टोमण्याला उत्तरही देता येत नाही. त्याऐवजी प्रार्थना आधी लिहून काढावी आणि ती भिन्न राजकीय मतांच्या दोन सभासदांनी एकत्र बसून लिहावी. ज्या वाक्यावर दोघांपैकी एकाला मनापासून ‘आमेन’ म्हणता येणार नाही, ते वाक्य गाळावे. हे काम वाटते त्यापेक्षा कठीण असते आणि पुष्कळदा खरी उपासना त्या दोघांच्या बैठकीतच होऊन जाते. क्रमात पापांची कबुली मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थनेच्या आधी यावी. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करताना पक्षाचा उल्लेख न करता पदाचा करावा. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी व सर्व अधिकाऱ्यांसाठी विनंत्या करण्यास सांगितले आहे आणि ते राजे मंडळीने निवडलेले किंवा तिच्या आवडीचे नव्हते.

राहिली ती दोन कुटुंबे. त्यांच्याकडे पाळकांनी उपासनेच्या आधी जावे आणि जमल्यास ती प्रार्थना करणाऱ्या सभासदानेही जावे. अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट कर, असे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो. उपासना नंतर झाली तरी चालते, असाच त्याचा अर्थ होतो. जाता जाता आणखी एक. ‘यांचे डोळे उघड’ ही प्रार्थना शास्त्रात आहे. अलीशा संदेष्ट्याने ती हाती सापडलेल्या अरामी सैन्यासाठी केली होती. मात्र त्यांचे डोळे उघडल्यावर त्याने राजाला त्यांच्यापुढे अन्नपाणी ठेवायला लावले आणि त्यांना सुखरूप परत पाठवले. आपल्या सभासदाला ही कथा पुढेही वाचण्यास सांगावे.

प्रश्न : समेट, ऐक्य, क्षमा हे शब्द ऐकले की मला भीती वाटते. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांनाच दर वेळी क्षमा करण्यास सांगितले जाते आणि ज्यांनी अन्याय केला ते डोळे मिटून स्तोत्रे गातात. अशी उपासना म्हणजे जखमेवर नुसती पट्टी बांधणे नव्हे काय?

उत्तर : आपली भीती निराधार नाही. शांती नसताना ‘शांती, शांती’ म्हणत लोकांची जखम वरवर बरी करणाऱ्यांवर यिर्मया संदेष्ट्याने ज्या शब्दांत कोरडे ओढले आहेत, ते शब्द याजकांना आणि संदेष्ट्यांना उद्देशून होते. उपासना फुटीची पाठराखीणही होऊ शकते, हे दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासावरून दिसते. तेथील डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभेने १८५७ मध्ये, काही सभासदांच्या दुर्बलतेचे कारण देऊन, कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोकांसाठी वेगळ्या उपासनेला मुभा दिली. दुर्बलता कोणती, तर गोऱ्या सभासदांना त्यांच्याबरोबर प्रभुभोजनास बसणे रुचत नव्हते. सवलत म्हणून सुरू झालेली ही गोष्ट पुढे नियम झाली, वेगवेगळ्या मंडळ्या स्थापन झाल्या आणि विसाव्या शतकात वर्णभेदाच्या राज्यव्यवस्थेला धार्मिक आधार देण्यासाठी हीच विभागणी उपयोगी पडली. प्रभूच्या मेजावर आधी फूट पडली, कायद्यात ती नंतर आली. म्हणूनच त्याच परंपरेतील, वेगळ्या काढलेल्या मंडळीने १९८२ मध्ये केपटाउनजवळील बेल्हार येथे जो विश्वासाचा जाहीरनामा तयार केला आणि १९८६ मध्ये स्वीकारला, त्यात ऐक्य, समेट आणि न्याय या तीन गोष्टी एकमेकींपासून सोडवता येणार नाहीत अशा गुंफलेल्या आहेत. देव हा विशेषेकरून निराधारांचा, गरिबांचा आणि अन्याय सोसणाऱ्यांचा देव आहे, असे तो सांगतो. ज्यांना मेजावरून उठवले गेले होते, त्यांनी हे लिहिले, यात त्याचे वजन आहे.

रवांडाची आठवण तर याहून कटू आहे. बहुसंख्य ख्रिस्ती असलेल्या त्या देशात १९९४ मध्ये जिवाच्या भीतीने चर्चमध्ये आश्रयाला गेलेल्या हजारो लोकांची तेथेच कत्तल झाली. एकत्र गायिलेल्या स्तोत्रांमुळे मने आपोआप जुळतात, हा समज त्यानंतर तरी कोणी बाळगू नये.

मग उपासना कशी असावी? मला नहेम्याचा पाचवा अध्याय मार्गदर्शक वाटतो आणि तो प्रवचनांत फारसा येत नाही याचे नवल वाटते. कोट बांधण्याचे काम चालू असताना लोकांमधून मोठी ओरड झाली. दुष्काळ आणि राजाचा कर यांमुळे गरिबांनी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकली होती, कित्येकांची मुलेबाळे दास्यात गेली होती, आणि सावकार परके नसून भाऊबंदच होते. नहेम्या संतापला. त्याने सर्वांची सभा भरवली, श्रेष्ठांना व अधिकाऱ्यांना तोंडावर दोष दिला, आपण आणि आपल्या भावांनीही लोकांना पैसा व धान्य उसने दिले आहे हे उघडपणे सांगितले आणि शेते, मळे, घरे व व्याज त्याच दिवशी परत करण्यास फर्मावले. त्यांनी परत देण्याची शपथ वाहिली, तेव्हा सर्व मंडळी ‘आमेन’ म्हणाली आणि तिने परमेश्वराचे स्तवन केले. ‘आमेन’ कोठे आले ते पाहावे. पीडितांचे म्हणणे सर्वांसमक्ष ऐकले गेले, अपराध नावानिशी सांगितला गेला, भरपाई ठरली, आणि मग स्तवन झाले.

यावरून माझे मत असे, की क्षमेचा आग्रह पीडित व्यक्तीला सभेत उभे करून कधीही धरू नये. क्षमा करणे ही ख्रिस्ताची आज्ञा आहे, हे मी नाकारत नाही. पण ती आज्ञा दुसऱ्याच्या वतीने आणि दुसऱ्याच्या सोयीच्या वेळी पाळायला लावण्याचा अधिकार मंडळीला मिळालेला नाही. मंडळीने आपल्या वाट्याचे काम करावे, आणि ते कबुलीचे आहे. जर्मनीतील प्रॉटेस्टंट चर्चच्या पुढाऱ्यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये श्टुटगार्ट येथे जो दोषाचा कबुलीजबाब दिला, त्यावर हिटलरच्या छळछावणीत अनेक वर्षे काढलेले धर्मगुरू मार्टिन नीमोलर यांचीही सही होती. आपण अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, अधिक उत्कटतेने प्रीती केली नाही, असा दोष त्यांनी स्वतःवर घेतला. मात्र त्या मजकुरात ज्यूंचा नावाने उल्लेख नाही आणि त्यावर पुढे रास्त टीका झाली. जखम कोणाची, हे नाव घेऊन सांगितल्याशिवाय कबुली अपुरी राहते.

प्रश्न : प्रार्थनेने एखादे राष्ट्र खरोखर बदलले, असे कधी घडले आहे काय?

उत्तर : ‘केवळ प्रार्थनेने’ असे म्हणता येईल, असे उदाहरण मी देणार नाही. पूर्व जर्मनीतील लाइपझिगच्या सेंट निकोलस चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी सायंकाळी शांततेसाठी प्रार्थना होत असे आणि बराच काळ तिला मोजकीच माणसे येत. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी त्या प्रार्थनेनंतर सुमारे ७०,००० लोक रस्त्यावर उतरले. सशस्त्र पोलीस सज्ज होते आणि रक्तपाताची भीती शहरभर पसरलेली होती, पण गोळी चालली नाही. त्या दिवशी सत्ताधारी पक्षाने आपले शेकडो लोक चर्चमधील जागा अडवण्यासाठी आधीच पाठवले होते. परिणामी त्यांनाही शांततेची ती उपासना ऐकावी लागली. बरोबर एका महिन्याने बर्लिनची भिंत खुली झाली. हंगेरीने उघडलेली सीमा, मॉस्कोचे बदललेले धोरण, खिळखिळी झालेली अर्थव्यवस्था ही कारणेही त्यामागे होती आणि ती नाकारणे अप्रामाणिक ठरेल. मला महत्त्वाची वाटते ती आधीची सात वर्षे. जमावाच्या हातात दगडांऐवजी मेणबत्त्या होत्या आणि ‘हिंसा नको’ ही घोषणा होती, ती एका संध्याकाळी सुचलेली नव्हती.

प्रश्न : ज्या गटाचा मला मनापासून तिटकारा आहे, त्याच्यासाठी प्रार्थना करायला बसले की शब्दच फुटत नाहीत. खोटे बोलण्यापेक्षा गप्प राहिलेले बरे नव्हे काय?

उत्तर : खोटे बोलू नये, हे खरे, पण गप्पही राहू नये. स्तोत्रसंहितेत शापवाणीची स्तोत्रे आहेत, उदाहरणार्थ १०९ वे, आणि ती सभेत वाचताना आपण अडखळतो. परंतु ती शत्रूला उद्देशून नाहीत, देवाला उद्देशून आहेत. स्तोत्रकर्त्याने आपला संताप जेथे नेला, तेथे सूड घेण्याचे काम त्याच्या हातून काढून घेतले गेले. आपणही आरंभी तिटकाराच देवापुढे मांडावा, जसा आहे तसा, एकांतात. त्यानंतर त्या गटातील आपल्या ओळखीच्या एकाच माणसाचे नाव घ्यावे, कारण गटासाठी प्रार्थना करणे जवळजवळ अशक्य असते. त्याच्या घरातील आजारपण, मुलांचे शिक्षण, नोकरीची काळजी यांपैकी जे आपल्याला ठाऊक असेल त्यासाठी मागावे. त्याची मते बदलावीत, हे मागणे काही महिने तरी राखून ठेवावे. आणि त्याच्याविषयी मागण्याजोगे काहीच ठाऊक नसेल, तर एखाद्या दिवशी जाऊन त्याची विचारपूस करावी.